रोज रात्रीचं पॉर्न आणि दहाव्या दिवशी मोडणारा संकल्प

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. वय तेवीस. शाळा संपता संपता पॉर्न बघायला सुरुवात झाली, आणि गेली दोन वर्षं जवळजवळ रोज रात्री तास-दीड तास त्यात जातो. नव्वद दिवस पूर्ण बंद ठेवायचा प्रयत्न चारदा झाला. दर वेळी दहाव्या-बाराव्या दिवशी तो मोडला आणि मोडल्यावर पुढचे दोन-तीन दिवस आधीपेक्षा जास्त बघितलं गेलं. मध्यंतरी जोडीदारासोबत असताना एकदा ताठरता टिकली नाही, तेव्हापासून धास्ती बसली आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: मी ॲडिक्ट आहे का, मेंदू कायमचा बिघडला का, आणि किती दिवस बंद ठेवलं म्हणजे सगळं पूर्ववत होईल?

गाडी अडली आहे ती तिसऱ्या प्रश्नावर. ‘किती दिवस’ विचारताना आपण असं धरून चालतो की पॉर्न अंगात साठतं आणि ठरावीक दिवसांत निचरा होऊन जातं. तुमच्या मजकुरात मला मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या दिसतात. एक, झोपायच्या वेळी मनावरचा ताण उतरवायची पक्की सवय. दोन, असा नियम की जो एकदा मोडला की पुढचे तीन दिवस मोकाट सुटतात. तीन, स्वतःच्याच शरीरावर पहारा ठेवायला लावणारी भीती. नव्वद दिवसांचा एकच उपाय तिन्हींवर लावला तर पहिलीला तो पुरत नाही, दुसरीला खतपाणी घालतो आणि तिसरीशी त्याचा फारसा संबंधच येत नाही.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर बरंच अवलंबून आहे. बघायला लागण्याआधीचा अर्धा तास कसा जातो? पॉर्न बघणं मुळातच वाईट असं तुम्ही मानता, की झोप आणि वेळ जातो एवढाच त्रास आहे? मन बरेच दिवस खिन्न आहे का? लहानपणापासून लक्ष टिकत नाही असं आहे का? दारू, गांजा, नैराश्यावरच्या गोळ्या यांपैकी काही चालू आहे का? नैराश्य असेल तर रात्रीचं पॉर्न हा बहुधा त्याचाच एक धागा असतो. तो ओढत बसण्यापेक्षा नैराश्यावर उपचार आधी. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) असेल तर निव्वळ निर्धारावर उभी केलेली कोणतीही योजना आठवडाभरात कोसळते, तिथे बाहेरचे अडसर जास्त लागतात. पुढचं सगळं यांतलं काही ठळकपणे नाही असं गृहीत धरून लिहितो आहे.

आता ‘ॲडिक्ट’. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू आहे आणि तीत लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याचं एक निदान आहे. ते व्यसनांच्या रांगेत ठेवलेलं नाही, आवेग आवरता न येण्याच्या विकारांत ठेवलं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत असं निदान घेतलंच नाही. म्हणजे हे व्यसन म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. तेव्हा एखाद्या व्हिडिओने तुम्हाला दोन मिनिटांत ‘ॲडिक्ट’ ठरवलं असेल तर ते फार मनावर घेऊ नका.

त्या निदानात काय बघतात ते मात्र कामाचं आहे. हे वर्तन सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ आयुष्याच्या मध्यभागी येऊन बसलंय का, की त्यापायी तब्येत, काम, नाती मागे पडतात? कमी करायचे प्रयत्न वारंवार फसतात का? नुकसान दिसत असूनही, किंवा आता मजा येत नसूनही, ते चालूच राहतं का? आणि त्यातून ठळक त्रास किंवा अडथळा होतो का? यात तास मोजलेले नाहीत. उलट एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे: त्रास केवळ ‘हे नीतीला धरून नाही’ या भावनेतूनच येत असेल, तर तेवढ्यावर निदान करायचं नाही.

ही अट उगाच घातलेली नाही. जोशुआ ग्रब्स या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासांत वारंवार असं दिसलं की ‘मी व्यसनी आहे’ असं वाटण्याचा संबंध माणूस किती बघतो यापेक्षा त्याला ते किती अनैतिक वाटतं याच्याशी जास्त असतो. सल्ल्याला येणाऱ्या तरुणांतही दोन्ही टोकं दिसतात. एक जण पंधरवड्यातून एकदा बघतो आणि स्वतःला सडलेला समजतो. दुसरा रोज तीन तास घालवतो, नोकरीत इशारे मिळालेत, आणि म्हणतो की सगळेच बघतात. पहिल्याचं काम मुख्यतः अपराधीपणावर करायचं असतं, दुसऱ्याचं वर्तनावर. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे दोन्हींचा वाटा आहे, पण झोप जाणं आणि प्रयत्न फसणं हे खरं आहे, ते नुसतं अपराधीपणाच्या खात्यात टाकता येणार नाही.

आकडा हवाच असेल तर हंगेरीतल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेली अठरा प्रश्नांची एक मापनपट्टी आहे. गुण १८ ते १२६ आणि ७६ किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करून घ्यावी. ही चाळणी आहे, निदान नव्हे. रात्री दोन वाजता, नुकतं बघून झाल्यावर ती भरू नका. त्या वेळी गुण हमखास चढे येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी भरा.

मेंदूचं काय? भीती घालणारे बहुतेक लेख २०१४च्या दोन अभ्यासांवर उभे असतात. बर्लिनमध्ये ६४ पुरुषांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. जास्त तास बघणाऱ्यांत, बक्षिसाशी निगडित अशा एका भागाचं आकारमान थोडं कमी होतं. तपासणी एकदाच झाली होती, त्यामुळे बघितल्याने तो भाग आक्रसला की तसा भाग असलेली माणसं जास्त बघतात, हे त्यातून ठरतच नाही. संशोधकांनीही ते मान्य केलं होतं. केंब्रिजच्या अभ्यासात लैंगिक वर्तन आवरता न येणारे १९ आणि तसा त्रास नसलेले १९ पुरुष होते. पहिल्या गटाच्या मेंदूत, अशी दृश्यं दाखवल्यावर, ‘हवंय’ म्हणणारा प्रतिसाद जोरात उमटला, पण त्यांना ती दृश्यं त्या प्रमाणात जास्त आवडत मात्र नव्हती.

मला यातलं हे शेवटचं महत्त्वाचं वाटतं. हवंसं वाटणं आणि आवडणं यांच्या यंत्रणा मेंदूत पुष्कळशा वेगळ्या चालतात, हे केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन हे संशोधक १९९०च्या दशकापासून दाखवत आले आहेत. म्हणूनच ‘आता मजाही येत नाही, तरी हात फोनकडे जातो’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते. ही शिकण्याची खूण आहे. मेंदू एक साखळी शिकला आहे: अंधार, बिछाना, एकांत, फोन, मग मोकळं वाटणं. शिकलेलं पूर्ण पुसलं जात नाही, पण त्यावर दुसरं शिकता येतं आणि वापराविना जुनं मंदावतं. ‘कायमचा बिघाड’ असं म्हणायला आधार नाही.

त्या दीड तासात नेमकं काय होतं, हे कधी तटस्थपणे बघा. प्रत्यक्ष बघणं थोडंच असतं. बहुतेक वेळ शोधण्यात जातो. एक उघडलं, वीस सेकंद बघितलं, पुढे सरकवलं, दुसरी टॅब, तिसरी, ‘यापेक्षा चांगलं मिळेल’ म्हणून स्खलन लांबवत राहायचं. डोपामाइनच्या (मेंदूत ओढ चेतवणाऱ्या रसायनाच्या) पेशी सर्वांत जोरात चेततात त्या अपेक्षेपेक्षा चांगलं काही मिळण्याच्या शक्यतेवर, आणि पुढची टॅब ही कायम तशी शक्यता असते. मानसशास्त्रज्ञ ॲल कूपर यांनी १९९८ सालीच इंटरनेटवरच्या लैंगिकतेची तीन कारणं सांगितली होती: सहज मिळतं, परवडतं, कोणाला कळत नाही. आता त्यात न संपणारी यादी आली. म्हणून ‘फक्त दहा मिनिटं’ ठरवून दीड तास होतो. इच्छाशक्ती कमी पडते असं नाही, थांबायची खूणच त्या पानावर ठेवलेली नाही.

याच शोधाशोधीत आवड भरकटते. पूर्वी न रुचलेले प्रकार बघितले जातात आणि मग ‘मी असा आहे की काय’ ही शंका पोखरते. नावीन्य, धक्का, थोडी किळस यांनीही उत्तेजना वाढते. पडद्यावर जे चाललं ते प्रत्यक्षात हवंच असतं असं नाही. ही शंका दिवसभर डोक्यात घोळत असेल आणि खात्री करायला पुन्हा पुन्हा बघितलं जात असेल, तर ते ओसीडीचं (तोच विचार, तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराचं) रूप असू शकतं, त्यावर उपचार वेगळे आहेत. एक सीमा मात्र ठाम आहे. अल्पवयीन मुलांचं किंवा संमतीविना चित्रित केलेलं काहीही समोर आलं तर तिथेच थांबायचं, साठवायचं नाही, पुढे पाठवायचं नाही. ओढ तिकडे वळते आहे असं वाटत असेल तर स्वतःच्या प्रयोगांवर न राहता लगेच तज्ज्ञाला गाठायचं.

मग संकल्प दहाव्या दिवशीच का मोडतो? मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. विचार येतच राहिला, आणि नंतर बंदी उठवल्यावर तर तो आधी न दाबणाऱ्यांपेक्षा जास्त आला. ‘आज दिवस सातवा’ असं रोज लिहिणारा माणूस रोज सकाळी त्या अस्वलाला हाक मारत असतो. त्यात इंटरनेटवर इतरांचे नव्वद दिवसांचे अनुभव वाचत बसणं म्हणजे दिवसभर त्याच विषयात राहणं.

मोडल्यानंतरची धाव वेगळ्या कारणाने होते. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी दारू सोडणाऱ्यांत ती नीट टिपली. नियम ‘अजिबात नाही’ असा असेल तर एका घसरणीचे दोन अर्थ लावले जातात: मी मुळातच कमजोर, आणि आता आकडा शून्यावर आलाच आहे. पहिल्यातून शरम येते आणि शरम उतरवायचा तुमचा ठरलेला मार्ग पॉर्नच आहे. दुसऱ्यातून परवानगी मिळते, ‘उद्यापासून पुन्हा पहिला दिवस, तर आज उरकून घेऊ’. बारा दिवसांतली एक रात्र ही मोठी सुधारणा होती. मोजायच्या पद्धतीने तिचं शून्य केलं.

नव्वद या आकड्याला शास्त्रीय आधार नाही, ‘एकवीस दिवसांत सवय बदलते’ म्हणतात त्यालाही नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी, साधी सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ ते २५४ दिवस लागले, मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस. तीही खाण्यापिण्याची किंवा थोड्या व्यायामाची सवय लावायची होती. जुनी सोडायला किती, हे कोणी छातीठोक सांगत असेल तर तो काहीतरी विकतो आहे असं समजा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. पहिला आठवडा काहीही बंद करू नका, फक्त नोंद ठेवा. कागदावर, फोनवर नको. वेळ, जागा, आधी काय वाटत होतं (दहापैकी किती), किती वेळ गेला, नंतर काय वाटलं, झोप कधी लागली. नमुना असा:

‘मंगळवार. ११:२० बिछान्यात, दिवा बंद. उद्याच्या सादरीकरणाची धाकधूक ६. रील्स. ११:५० व्यायामाचा व्हिडिओ, त्यावरून एका मुलीचं प्रोफाइल. १२:०५ इनकॉग्निटो. १:२५ संपलं. धाकधूक २, स्वतःचा राग ७. झोप १:५०.’

या चार ओळींत दोन गोष्टी सापडतात. एक, पॉर्न १२:०५ला उघडलं पण गाडी ११:२०लाच त्या रुळावर गेली होती. अडवायची जागा ती आहे. इनकॉग्निटोच्या खिडकीशी लढायला बसलात तर तोवर अंग तापलेलं असतं आणि विवेक अर्धा झोपलेला. दोन, धाकधूक सहावरून दोनवर आली. म्हणजे उपाय लागू पडला! म्हणूनच तो सुटत नाही. त्या चार अंकांची सोय दुसरीकडे केल्याशिवाय नुसती बंदी घातली तर धाकधूक तशीच राहते, आणि ती दहा दिवस साठली की बांध फुटतो. ही नोंद ठेवल्यानेच पुष्कळांचा वेळ थोडा खाली येतो, तो वरचा फायदा.

दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीचा तो तुकडा बदला. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ. ‘फोन उलटा ठेवीन’, ‘विमान मोडवर टाकीन’ हे चालत नाही, हात लांब केला की संपलं. लॅपटॉपचाही तोच नियम, नाहीतर आठवडाभरात सवय तिकडे मुक्काम हलवते. खोली एकच असेल तर फोन बिछान्यातून उठल्याशिवाय हाताला लागणार नाही अशा जागी, शक्य तर दुसऱ्या कोणाच्या नजरेसमोर. झोप आल्याशिवाय आडवं होऊ नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसा, छापील काहीतरी वाचा, डोळे मिटायला लागले की परत या. बिछाना आणि जागरण यांची जोडी तुटणं हे निम्मं काम आहे. उद्याच्या काळज्या संध्याकाळी सात-आठच्या सुमारास दहा मिनिटं बसून कागदावर उतरवा, प्रत्येकीसमोर उद्याचं एक छोटं पाऊल लिहा. साधं दिसतं, पण ११:२०ची धाकधूक अनेकदा सहाऐवजी चारवर येते, आणि चारवर माणूस झोपू शकतो.

ब्लॉकर लावावा का? लावा, पण त्याच्याकडून अपेक्षा बेताची ठेवा. दाराला कडी लावली तर सराईत चोर अडत नाही, झोपेत चालणारा अडतो. ब्लॉकर त्या झोपेत चालणाऱ्यासाठी आहे: दोन मिनिटांचा अडथळा आला की हात भानावर येतो. पासवर्ड स्वतःकडे ठेवलात तर त्याचा उपयोग संपला. विश्वासातल्या माणसाला टाकायला सांगा, त्याला कारण सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. आणि तो फोडायच्या युक्त्या शोधण्यात रात्र जायला लागली तर काढून टाका, कारण मग तोच शोधाशोधीचा खेळ होतो. ब्लॉकरपेक्षाही फीड आवरणं जास्त कामाला येतं. जी खाती बघताना बोट थांबतं ती अनफॉलो करा, रात्री दहानंतर रील्सचं ॲप फोनमध्ये बंद राहील अशी वेळमर्यादा घाला.

तलफ तरी येणारच. तिच्यासाठी वाक्य आधी ठरवून ठेवा, ‘जर-तर’ या साच्यात: ‘अंथरुणात पडल्यावर फोन आणावासा वाटला, तर उठून तोंड धुईन आणि दिवा लावून खुर्चीत बसेन.’ ‘मी कंट्रोल करीन’ हे वाक्य योजनेत धरू नका. त्यात शरीराने काय करायचं ते नाही. खुर्चीत बसल्यावर तलफेशी वाद घालू नका. ती अंगात कुठे आहे ते बघा: छातीत, जांघेत, हाताच्या बोटांत? किती जोर, दहापैकी? दोन-तीन मिनिटांनी पुन्हा अंक द्या. ती चढते, माथ्यावर थांबते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरायला लागते. लोक चुकतात ते माथ्यावर. आता ती अशीच वाढत जाणार असं वाटून तिथेच हार मानतात, त्यामुळे उतार त्यांनी कधी बघितलेलाच नसतो. दोन-तीनदा तो उतार अनुभवला की पुढचं सोपं जातं. ‘तलफ जावी म्हणून तिच्याकडे बघतोय’ असा हट्ट धरलात तर ती जात नाही, हा बारीक फरक सांभाळा.

आणि घसरण झाली तर काय, हेही शांत डोक्याने आधीच लिहून ठेवा. संपल्यावर टॅब बंद, फोन बाहेर, अंग धुवायचं, कागदावर एक ओळ, झोप. त्या रात्री शपथा नाहीत, ॲप उडवणं नाही, नवा पहिला दिवस नाही. दुसऱ्या दिवशी उठायची वेळ नेहमीचीच. सकाळी उजेडात एकच प्रश्न: काल साखळीची कोणती कडी सुटली? उदाहरणार्थ, फोन बाहेर नव्हता कारण चार्जर आत होता. मग दुसरा चार्जर घ्या. असली क्षुल्लक कारणंच निघतात आणि ती दुरुस्त होतात. दिवस मोजणं सोडून आठवड्याची बेरीज ठेवा: एकूण किती मिनिटं, सर्वांत लांब बैठक किती, आणि सरासरी झोप कधी लागली. आठवड्याला सहाशे मिनिटांवरून दोनशेवर आलात तर ते यश आहे, मग त्यात तीन घसरणी का असेनात.

हस्तमैथुन या हिशेबात वेगळं काढा. ते आणि पॉर्न या दोन गोष्टी आहेत. एकत्र बांधल्याने अनेकांची अडचण दुप्पट होते. पडद्याविना, स्वतःच्या कल्पनेने केलेलं हस्तमैथुन बहुतेकांना दहा-पंधरा मिनिटांत संपतं आणि झोपेच्या आड येत नाही. त्याने अशक्तपणा येत नाही. ते चालू ठेवायचं की नाही हा तुमच्या मूल्यांचा प्रश्न आहे, उपचाराचा नाही. सुरुवातीचे आठवडे चिडचिड, झोप न येणं, किंवा लैंगिक इच्छा अचानक थंडावणं असं काहींना जाणवतं, काहींना काहीच नाही. इच्छा थंडावली म्हणजे मेंदू ‘रीसेट’ होतोय, किंवा उलट काहीतरी बिघडलंय, असे दोन्ही अर्थ लावू नका. लक्ष सतत तिकडे ठेवलं की इच्छा अशीच विझते.

ताठरतेबद्दल. एकदा टिकली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. नवी जवळीक, थकवा, थोडी दारू, कंडोम लावताना लागलेला वेळ, कशानेही होतं. अडचण पुढच्या वेळी सुरू होते, जेव्हा माणूस जोडीदाराकडे लक्ष द्यायचं सोडून ‘आहे का, जातेय का’ हे तपासत राहतो. ताठरतेला शरीर सैल लागतं, भीतीने ते आवळतं, त्यामुळे तपासणीच तिला घालवते. पॉर्नमुळे ताठरता जाते हे सरसकट सिद्ध झालेलं नाही. पण वर्षानुवर्षं घट्ट मूठ, जलद गती आणि दर अर्ध्या मिनिटाला नवं दृश्य याच मेळावर उत्तेजित व्हायची सवय असेल, तर जोडीदाराचा स्पर्श शरीराला अपुरा वाटू शकतो, आणि हे बदलता येतं. पडद्याविना, हलक्या हाताने, संथ. ताठरता आली की थांबा, उतरू द्या, पुन्हा येऊ द्या. ती जाते आणि परत येते, हे शरीराला पुन्हा पटलं की भीतीचा निम्मा जोर ओसरतो. जोडीदारासोबत काही दिवस संभोग ठरवून बाजूला ठेवा आणि फक्त स्पर्श. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या संशोधकांनी १९७०च्या सुमारास रूढ केलेली ही पद्धत आजही लैंगिक उपचारांचा पाया आहे. दोघांनाही खरोखर माहीत पाहिजे की आज पुढे जायचं नाही, ‘जमलं तर बघू’ ठेवलंत तर परीक्षा चालूच राहते.

आधी एक तपासा: झोपेतून उठताना ताठरता असते का? निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ती येते. सकाळी येत असेल तर नसा आणि रक्तपुरवठा बहुधा ठीक आहेत. कित्येक आठवडे ती कधीच दिसत नसेल, किंवा तुम्ही धूम्रपान करत असाल, मधुमेह असेल, नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना भेटा. ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. छातीदुखीवरच्या नायट्रेट औषधांसोबत त्या रक्तदाब धोकादायकरीत्या खाली आणतात, आणि तेवीसाव्या वर्षी गोळीचा दुसरा तोटा असा की ‘गोळीविना जमत नाही’ ही नवी भीती चिकटते.

जोडीदाराला सांगायचं का? नातं किती जुनं आणि कसं आहे त्यावर ते ठरतं. सांगणार असाल तर झोपायच्या वेळी किंवा त्या प्रसंगानंतर लगेच नको. दिवसा, कपड्यांत, अर्धा तास हातात ठेवून. ‘रात्री पॉर्न बघायची सवय मला कमी करायची आहे, त्यासाठी मी हे हे करतोय, त्या दिवशी जे झालं त्यात तुझ्यात काही कमी नव्हतं’ एवढं पुरे. काय काय बघितलं याची यादी देऊ नका, आणि तिला किंवा त्याला पहारेकरी नेमू नका. रोज ‘आज बघितलंस का?’ विचारणारं माणूस आणि जवळीक एका बिछान्यात टिकत नाहीत.

हे सगळं सहा आठवडे मनापासून करूनही मिनिटं खाली आली नाहीत, तर एकट्याने रेटू नका. स्वीकार आणि बांधिलकी उपचार म्हणून एक पद्धत आहे, वर तलफेबद्दल जे लिहिलं ते मुख्यतः तिच्याच वळणाचं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २८ पुरुषांना बारा बैठका दिल्या गेल्या, बघणं मोठ्या प्रमाणात घटलं आणि तीन महिन्यांनंतरही ही घट बरीचशी टिकून होती. गट लहान आहे, पण या विषयात असे काटेकोर अभ्यासच थोडे आहेत. औषधांचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाने घ्यायचा. नैराश्य किंवा ओसीडी सोबत असेल तर त्यांचा चांगला उपयोग होतो, पण त्यातली काही औषधं इच्छा कमी करतात आणि स्खलन लांबवतात, हे आधी विचारून घ्या, नाहीतर तोच परिणाम पॉर्नच्या खात्यावर लिहिला जाईल. पैसे जायला लागले, कामाच्या वेळात कामाच्या मशीनवर बघितलं जायला लागलं, तर सहा आठवडे थांबायचीही गरज नाही. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा आणि आजच तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

समुपदेशक निवडताना फोनवरच दोन प्रश्न विचारा: लैंगिक विषयांवर काम करता का, आणि पॉर्नबद्दल तुमची भूमिका काय? ‘पाप आहे, सोडायलाच हवं’ किंवा ‘काही नाही, सगळेच बघतात’ यांपैकी एक उत्तर ठोकून मिळालं तर दुसरीकडे बघा. पहिल्या भेटीला जाताना तो नोंदींचा कागद सोबत न्या. विषय काढायला शब्द सुचत नसतील तर तो समोर ठेवला तरी पुरतो, आणि पहिल्या दोन बैठकांत विचारायची निम्मी माहिती त्यात आधीच असते.